आस्कगिलांची खूण

"आस्कगिल? हे कसलं आडनाव?" रुग्णालयाच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"माझ्या बायकोचं. मिरियम आस्कगिल. सकाळी आणलंय तिला."

"या नावाचं दुसरं कुणी नाही ना? घोटाळा नको व्हायला."

"अख्ख्या इंग्लंडात नाही, पोरी."

ती हसली आणि संगणकात बघू लागली. मग तिचं हसू गेलं. "आजोबा, जरा बसा हं. मी डॉक्टरांना बोलावते."

तिथेच मला कळलं.

आडनाव कुठून आलं असं कुणी विचारलं की मिरियम खिडकीबाहेर बोट दाखवायची. आमच्या घरामागे अ‍ॅशच्या झाडांची घळ आहे. तिला जुन्या बोलीत आस्कगिल म्हणत. घळीवरून शेताला नाव पडलं, शेतावरून माणसांना. एके काळी लोकर कातरायला इतके आस्कगिल जमायचे, की आडनावाने हाक मारायची सोय नव्हती. पुढे कुणी खाणीत गेले, कुणी कॅनडाला. मुली लग्न करून दुसऱ्या नावाच्या झाल्या. मिरियमचा भाऊ लग्नाशिवायच वारला. आम्हालाही मूल झालं नाही. लग्नाच्या दिवशी पाद्रीबुवांनी तिला माझ्या आडनावाने मिसेस टायसन म्हटलं, तर ही म्हणाली, "मी जॉसशी लग्न केलंय, टायसनशी नाही."

आमच्या मेंढ्या उन्हाळ्यात चरतात त्या डोंगरावर कुंपण नाही. कोकरू आईमागे चालत आपली जागा शिकतं, ते पहिल्याच उन्हाळ्यात, नंतर नाही. वर सोडण्याआधी डाव्या खांद्यावर लाल पट्टा ओढायचा, म्हणजे ते आस्कगिलांचं. तो पट्टा मिरियमच ओढायची. मी नुसतं कोकरू धरायचो.

मिरियमच्या दफनानंतर शेजारचा आयझॅक आला.

"जॉस, कोकरं केवढी झाली बघ. खूण करून टाक. तशीच वर गेली तर माझ्यात मिसळतील, मग बसू भांडत."

"तू तुझी खूण कर. घेऊन टाक सगळी."

"वेडा का काय? मिरियमने तुला रंगाच्या बादलीत बुचकळलं असतं."

"अरे, मी टायसन आहे."

"मेंढ्या आडनाव विचारतात होय रे?"

तो गेल्यावर मी रंगाचा डबा काढला. मिरियमने झाकण हातोडीने घट्ट ठोकून ठेवलं होतं. ते उघडलं. गोठ्याच्या दारावर तिने बोटं पुसलेली, तो लाल रंग तसाच होता. मी एक कोकरू गुडघ्यांत धरलं, काठी रंगात बुडवली. कोकरू डावीकडे वळून बघत राहिलं. तिकडे ती उभी राहायची.

मी त्याला सोडून दिलं.

आयझॅक रोज शेताच्या कुंपणापलीकडून बघतो. उन्हाळा अर्धा सरला. कोकरांच्या आया डोंगराकडच्या फाटकाशी उभ्या राहून ओरडतात. कोकरं खालच्याच कुरणात आहेत. खूण करायची राहिली आहे.