तेविसावा खिळा

तुळसाने फळीवरचा तेविसावा खिळा बोटाने चाचपला. आजही रिकामा. कारखान्यात शिरताना प्रत्येकीने फळीवरचा आपला पितळी बिल्ला काढून पेटीत टाकायचा. दुसऱ्या भोंग्याला सुपरवायझर पेटी उघडणार. आत बिल्ला नसला तर दिवसभर आंबे सोलूनही खाडा. तिसऱ्या खाड्याला नाव कमी. तुळसाचे दोन झाले होते.

"शोधतेस काय? केबिनमध्ये ये की," दारातून सदू सुपरवायझर हसत म्हणाला. केस अगदी त्या हिरोसारखे कपाळावर ओढलेले.

हे सगळं त्या मेल्या पिक्चरपासून सुरू झालं होतं. त्यात ऑफिसातला मॅनेजर टायपिस्ट मुलीचे कागद लपवतो, ती अर्धा पिक्चर त्याच्यावर चिडते आणि मग एकाएकी त्याच्याबरोबर बागेत नाचायला लागते. कारखान्यातल्या झाडून साऱ्या जणी रविवारी तीनच्या खेळाला गेल्या होत्या. सोनूबाईने तर हसून हसून डोळे पुसले. तुळसाही हसली होती, आणि आता तिला स्वतःचाच जास्त संताप येत होता.

"माझा बिल्ला द्या."

"चिडलीस की छान दिसतेस. आत ये, देतो."

"पिक्चरातलीला आंबे सोलायचे नसतात, सदूभाऊ. मना सोलायचेत."

'भाऊ' ऐकून त्याचा चेहरा पडला, पण बिल्ला काही खिशातून निघाला नाही. मागे रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"हिरॉईन गो आमची!"

तुळसाच्या अंगाची लाही लाही झाली. नाव कमी झालं तर त्याचं कारण तिच्याआधी संगमेश्वरला तिच्या घरी पोचणार होतं, तेही तिखटमीठ लावून. तरी ती केबिनकडे वळली नाही. पाटावर जाऊन बसली आणि सुरी उचलली. आंब्याच्या चिकाने भाजलेल्या बोटांत तिने ती घट्ट धरली. रांगेत पुढे उभ्या असलेल्या सोनूबाईने ते पाहिलं.

दुसरा भोंगा झाला. सदूने पेटी उघडली. आत एकही बिल्ला नव्हता.

त्याने वर पाहिलं. फळीवरचे सगळे खिळे मोकळे होते. चाळीस जणी पाटांवर मुकाट बसल्या होत्या आणि सुरी एकीचीही चालत नव्हती. फाटकाशी आंब्यांचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

"बिल्ले कुठायत?"

सोनूबाईने कमरेला खोचलेला पदर घट्ट केला.

"हरवले रे बाबा, समद्यांचे. आता एकेकीला बोलव केबिनीत. आधी मीच येतंय. साठीला टेकलंय मी, चालंल मा?"

कुणीही हसलं नाही. सदूचा हात खिशात गेला. त्याने बिल्ला तुळसापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही.

"हातात नको. खिळ्यावर लावा."

त्याने तो तेविसाव्या खिळ्यावर लावला. मग तुळसा उठली, रोजच्यासारखा बिल्ला काढला आणि पेटीत टाकला. रिकाम्या पेटीत तो केवढ्यानं तरी वाजला.