तेल लावून बसवलेली मूठ

मी एक जुनी रबरी मूठ आहे. एका मोटारसायकलच्या डाव्या हँडलावर मी अकरा वर्षे काढली. स्वभावाने मी संशयी. मित्रांनो, जिला रोज कुणीतरी आवळून धरते, तिला संशयी व्हावेच लागते.

माझे मालक दगाभाऊ सुरतेत बमरोलीला कापड विणायचे लूम दुरुस्त करतात. खानदेशातून ते तेलाची बुधली हातात घेऊनच आले असावेत. त्यांचा तेलकट पंजा रोज माझ्यावर पडे. मी नवी असताना ते म्हणत, "इनी पकड भारी शे!" मी सुखावून जाई. पुढे त्याच तेलाने माझे रबर फुगले, चिकट झाले. तरी माझ्याकडे कुणी पाहिले नाही.

मग त्यांच्या मुलीला, पल्लवीला, कामरेजच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. गाडी तिला द्यायचे ठरले. पहिल्याच दिवशी सकाळी दगाभाऊंनी मला ब्लेडने चिरून काढले आणि ओट्यावर टाकले. पाकिटातून नव्या मुठींची जोडी निघाली. चकचकीत रबर, वर नक्षी. हिचे काही खरे नाही, असे मला वाटले.

नवी मूठ चढेना. दगाभाऊंनी सवयीने बुधली उचलली आणि आत तेल सोडले. मूठ सर्रकन बसली. उजवीही तशीच बसवली. इतक्या सहज आत गेलेली बाहेर यायला कितीसा वेळ? मला ओरडावेसे वाटले, पण माझे ऐकणार कोण?

"तेल काबर लायं?" दगाभाऊंच्या पत्नी मालतीबाईंनी दारातून विचारले. त्याही माझ्यासारख्याच संशयी.

"लूमले तेल लागस, इले बी लागस."

"चालसे मम्मी, मोडुं थाय छे!" पल्लवीला उशीर होत होता. ती गाडीवर बसलीसुद्धा.

मालतीबाईंनी पुढे होऊन डाव्या मुठीला एक हिसका दिला. मूठ त्यांच्या हातात आली!

"पोर हायवेवर जाई. तठे हाई हातमा उनी ते?"

दगाभाऊंचा चेहरा उतरला.

खरे सांगते, आधी मला आनंदच झाला. नवीची फजिती झाली ना! मग पल्लवीकडे नजर गेली. मूठ निघालेल्या उघड्या लोखंडी नळीवर तिचा हात होता. मला माझीच लाज वाटली. नव्या मुठीचा दोष नव्हताच.

त्या दिवशी पल्लवी बसने गेली. दगाभाऊंनी तेल पुसले, नळी साबणाने धुतली, साबणाच्या पाण्यावर दोन्ही मुठी चढवल्या आणि गाडी दिवसभर उन्हात वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी मालतीबाईंनी मुठी ओढल्या, पिळल्या. त्या हलल्या नाहीत, तेव्हा पल्लवी गाडी घेऊन गेली. तरी संध्याकाळी पल्लवी घरी येईपर्यंत मालतीबाई दारात आणि मी ओट्यावर, दोघींचाही जीव टांगणीला लागला होता.

मित्रांनो, बसवणारा आपला बाप असला तरी मूठ एकदा ओढून पाहा. त्याला राग येत नाही. दगाभाऊ आता रोज सकाळी स्वतःच हाक मारतात, "पल्लवीनी माय, वढी देख बरं!"