चालवून घेतलेला लॅपटॉप

माझ्या दुकानात एक नियम आहे, आणि त्या नियमापायी आमगावात मला अर्धवट समजणारे बरेच लोक आहेत. विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप घ्यायचा असेल तर रोजची कॉलेजची बॅग भरून आणायची, पसंत पडलेला लॅपटॉप चार्जरसकट तिच्यात टाकायचा, स्टेशनचा पूल चढून उतरून परत यायचं आणि मगच 'हा द्या' म्हणायचं. पोरांचे बाप वैतागतात. "कैलाशभाऊ, मॉडेल दाखवा, रेट सांगा, मोकळं करा ना!" मी मोकळं करत नाही. ज्याला घाई आहे त्याने मोबाइलवर मागवावा. माझा स्वभाव तिरसट आहे असं माझी बायको म्हणते, आणि एकोणीस वर्षं म्हणते आहे, तेव्हा खरंच असणार.

पण नियम माझ्या डोक्यातून निघालेला नाही. तो टिकारामबाबांचा आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरातली गोष्ट. धान निसवून लोंब्या दिसायला लागल्या होत्या आणि दुपारी दुकानात माशा मारायचं काम होतं. अशा वेळी एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. अंगात पांढरी बंडी, खांद्यावर दुपट्टा, आणि नजर अशी की मी उगीचच शर्टाची बटणं तपासली. मागे त्यांची नात, गुंजन. काडीसारखी बारीक पोरगी, पाठीवर तिच्याएवढी बॅग. गोंदियाला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला पहिल्या वर्षाला होती, आणि कॉलेज सुटल्यावर गाडीतून उतरून थेट इकडे आली होती. आजोबा गावाहून येऊन स्टेशनवर तिची वाट बघत बसले होते.

"माह्या नातनीले लॅपटॉप पायजे," बाबा म्हणाले. "हलका नको. म्हंजे माल हलका नको. तीन वर्सं टिकला पायजे."

हेच ते टिकारामबाबा; मी त्यांना नावाने ओळखत होतो. आमच्या भागात बैल घ्यायचा म्हटलं की लोक आधी त्यांच्याकडे जायचे. ते बाजारात सोबत आले की हेडे, म्हणजे बैलांचे दलाल, आपले खोडीचे बैल मागच्या रांगेत नेऊन बांधायचे, असं माझे वडील सांगत. आता बैलच राहिले नाहीत, तर पारख कोण विचारतो?

मी दोन लॅपटॉप काउंटरवर ठेवले. किमतीत फारसा फरक नव्हता. एक मोठा, जाडजूड, भल्यामोठ्या स्क्रीनचा. तो दिवाळीपासून माझ्या काचेत बसून होता आणि त्याच्याकडे बघितलं की माझं डोकं दुखायचं. दुसरा सव्वा किलोचा, वहीसारखा बारीक, दिवसभर बॅटरी चालणारा. गुंजनची नजर त्या बारक्यावर गेली, थांबली, आणि तिने ती लगेच उचलून आजोबांकडे वळवली. हे मी बघितलं. मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते न बघता केलं असं कुणाला वाटू नये.

बाबांनी चष्मा चढवला आणि तपासणी सुरू केली. मोठा लॅपटॉप उलटा करून खालचे चार रबरी पाय अंगठ्याने दाबले. "खूर बरे हायेत." झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, बिजागरीला कान लावला. मग पाठीवर हलकेच थाप मारली. मशीन सुरू होऊन बराच वेळ झाला होता, आतला पंखा घरघरायला लागला.

"धापा टाकून रायला का हा?"

"पंखा आहे बाबा. आतलं गरम होतं, ते बाहेर फेकतो."

"आन हा?" त्यांनी बारक्यावर तळहात ठेवला. "हा तं श्वासच नाई घेत."

"त्याला पंखा नाही. लागतच नाही."

"बापा! बिनश्वासाचं जनावर." त्यांनी बारका दोन बोटांत धरून उचलला आणि परत ठेवला, जसं कुणी लहान पोराच्या हातची काडी काढून बाजूला ठेवावी. मग मोठा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. त्यांचं तोंड फुललं. "हा पाय गुंजन. कसा भरीव हाये. हात लावला की समजते."

"हो आबाजी," गुंजन म्हणाली. "छान आहे."

"काऊन कैलाशभाऊ? बरोबर बोलून रायलो ना मी?"

आता मला सांगता आलं असतं. मी दिवसभर हेच सांगत असतो, विचारा न विचारा. पण दिवाळीपासूनचा तो धोंडा चाललेला दिसत होता, आणि माझ्या जिभेवर त्या क्षणी बरी साखर आली. "बाबा," मी म्हणालो, "पारख आहे तुमची."

ते इतके खूश झाले की मला तेव्हाच थोडं मेल्यासारखं झालं.

"ठीक हाये. आता चालवून पायतो."

"म्हणजे?"

"बैल पसंत पडला तरी फेरी मारल्याबिगर मी दावं हातात नाई घेत. हा पोरीसंगं रोज स्टेशनावर जानार. तं मंग स्टेशनापर्यंत नेऊन पायतो." त्यांनी गुंजनच्या पाठीवरची बॅग उतरवायला घेतली. ती म्हणाली, "मी नेते ना आबाजी." तर ते म्हणाले, "नाई. निवडनाऱ्यानं चालवाचं."

मी लॅपटॉप बॅगेत सरकवला. "आन ही वीट कायची?"

"चार्जर."

"हे बी रोज?"

"हे पण रोज."

बाबांनी बॅग पाठीवर घेतली, पट्ट्याखाली दुपट्टा सरकवला आणि निघाले. पैसे नाहीत, पावती नाही, माझा माल रस्त्याने चालला. पण टिकारामबाबांना 'थांबा' म्हणायची आमगावात कुणाची टाप आहे?

ते गेल्यावर मी गुंजनला स्टूल दिलं. ती बसली नाही. दारातून रस्त्याकडे बघत राहिली.

"तुला बारका पाहिजे होता," मी म्हणालो.

तिने खिशातून एक घडी केलेली चिठ्ठी काढली. बारक्याचं नाव, मॉडेल, वजन, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. कॉलेजात चौघांना विचारून, महिनाभर बघून ठरवलेलं.

"मग बोलली का नाही?"

"भैया, तुम्ही सांगू नका त्यांना." ती एकदम घाईने बोलायला लागली. "मागच्या वर्षी आमची बैलजोडी विकली. ट्रॅक्टर सांगितला तर नांगरणी एका दिवसात होते म्हणून माझ्या बाबांनी विकली. तेव्हापासून आबाजीले घरात कोनी काहीच इचारत नाही. भाजी कोणती, तेही नाही. ते सकाळी उठून बैलांच्या कोठ्यात जाऊन बसतात, रिकाम्या. म्हणून मी सांगितलं घरी, लॅपटॉप आबाजीच निवडतील. नाहीतर मी घेतच नाही." ती थांबली. "ते रात्री चार वेळा बोलले, उद्या लवकर निघाचं म्हणून. त्यांनी निवडलेला मी नाही कसा म्हणू?"

"पण वाहायचा तुला आहे. घर ते स्टेशन किती?"

"पाच किलोमीटर. सायकलने. मग गाडीत बसायला मिळत नाही. मग गोंदियाला पंचवीस मिनिटं चालत." तिने डावा खांदा नकळत चोळला. "सवय होईल."

सवय होईल! तीन वर्षं, रोज, साडेतीन किलो आणखी, आणि तेही कुणाच्या आनंदासाठी. मी तिच्यासाठी पाणी ओतलं आणि मीच प्यायलो.

दहा मिनिटांची फेरी. वीस झाली. अर्धा तास झाला. पाऊण तास झाल्यावर गुंजनचा चेहरा उतरला, आणि मी शटर अर्धं ओढून तिच्यासोबत निघालो. ती जवळजवळ पळत होती.

पुलाच्या पलीकडच्या पायथ्याशी, बाकावर, टिकारामबाबा बसले होते. बॅग मांडीवर होती आणि तिच्यातलं सगळं त्यांनी बाजूला मांडलं होतं. दोन जाड पुस्तकं. फाइल. डबा. पाण्याची बाटली. रेनकोट. मोठा लॅपटॉप, त्याची वीट. आणि एक तपकिरी बाटली, तिला ते हातात धरून बघत होते.

"आबाजी, काय झालं? बरं नाही वाटून राहिलं का?"

"मी बरा हाये. हे काय हाये?"

"तेल. तुमच्या गुडघ्याचं. आपल्याकडे भेटत नाही ते, गोंदियालेच भेटते."

बाबांनी बाटली खाली ठेवली. पलीकडच्या फलाटावरून मालगाडी निघून गेली.

"कोनता पायजे होता तुले?"

"तुमाले आवडला तो."

"मी तुले इचारून रायलो, पोरी."

ती मान खाली घालून उभी. तिने मला सांगू नका म्हटलं होतं, आणि मी शब्द मोडला. आयुष्यात मोडलेल्या शब्दांपैकी हा एक मला पुन्हा मोडायला आवडेल. "बाबा, तिच्याजवळ चिठ्ठी आहे," मी म्हणालो. "बारका. ती महिन्याभरापासून ठरवून आली आहे."

गुंजनने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकलो. पण बाबांची नजर त्याहून वाईट होती.

"तुले माईत होतं?"

"तिच्या डोळ्यांत दिसलं होतं."

"मंग तवा काऊन नाई बोलला?"

उत्तर एकच होतं आणि ते देण्यावाचून सुटका नव्हती. "मोठा खपत नव्हता बाबा. दिवाळीपासून."

"हेड्या हायेस तू," ते म्हणाले. "पक्का हेड्या." मग, मला वाटतं, त्यांना थोडं हसू आलं, कारण खोडीचा बैल त्यांनीच छातीशी धरला होता. पण हसू लगेच गेलं. त्यांनी आपला खांदा दाबून बघितला. पट्ट्याखाली सरकवलेला दुपट्टा घामाने भिजला होता.

"चाळीस वर्सं लोकाईले बैल निवडून देल्ले मी. शिंगं पायली, खूर पायले, दात पायले. पन जू कधी आपल्या खांद्यावर घेऊन नाई पायलं." ते गुंजनकडे वळले. "आन तू? मी खूश होईन म्हनून तीन वर्सं हे वाहनार होती?"

"तुमाले वाईट वाटलं असतं," गुंजन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. लहान पोरीसारखं, आवाज करून.

बाबांनी तिला जवळ ओढलं. "येडी कोनची," ते म्हणाले. "येडी." त्यांचाही आवाज धड नव्हता. मी मालगाडी गेलेल्या रुळांकडे बघत बसलो, कारण माझं तिथं काही काम नव्हतं आणि जायलाही जीव होत नव्हता.

मग त्यांनी सामान एकेक करून बॅगेत भरलं. तेलाची बाटली सगळ्यांत शेवटी. मोठा लॅपटॉप आणि वीट माझ्या हातात दिली. "हे तू घे. हेड्यानं वाहावं." मी वाहिलं. पूल चढताना मला कळलं की आम्ही दुकानदार वजन आकड्यांत सांगतो आणि आकड्याला पायऱ्या नसतात.

दुकानात आल्यावर मला वाटलं, आता बारका बांधून द्यायचा. तर बाबा म्हणाले, "थांब. चालवून पायल्याबिगर नाई." बारका आणि त्याचा मुठीएवढा चार्जर बॅगेत टाकून ते पुन्हा निघाले. या वेळी गुंजन सोबत गेली. मी दारात उभा राहून दोघांना पुलावर चढताना बघितलं. पायऱ्यांच्या मध्यावर म्हातारा थांबला, तिला काहीतरी विचारलं, तिने हातवारे करत काहीतरी सांगितलं, आणि दोघं पुढे गेली. पंधरा मिनिटांत परत.

"पोरीनं सांगतलं," बाबा म्हणाले, "पंखा नाई म्हंजे बिघडाले तेवढंच कमी. आन दिवसभर चाऱ्याबिगर चालते हा." त्यांनी बारक्याच्या पाठीवर थाप मारली, या वेळी जपून. "हा दे. हा मी निवडला."

"तुम्हीच निवडला, आबाजी," गुंजन म्हणाली. खोटं नव्हतं त्यात काही. घरी जाऊनही तिने तेच सांगितलं असणार, आणि मला खात्री आहे, कोठ्यात बसलेल्या माणसाला आता कुणी ना कुणी काहीतरी विचारत असेल. निदान तिचे मित्र तरी, लॅपटॉप कसा पारखायचा ते. त्या महिन्यात तिच्या वर्गातली तीन पोरं माझ्याकडे आली, आणि तिघांनीही, गुंजनच्या आबाजींनी सांगितलंय म्हणत, आधी हेच विचारलं, की पूल चढून बघितला तर चालेल का.

मी पावती केली. गुंजनने बॅग उचलायला हात पुढे केला.

"द्या आबाजी. आता हलकीच आहे."

बाबांनी पट्टा आपल्या खांद्यावर ओढून घेतला.

"गावापर्यंत माह्याजवळ राहू दे," ते म्हणाले. "उद्यापासून तं तुलेच न्यायची हाये."