भरलेली शेड

फाउंडेशनच्या मॅडम पाहणीला येणार म्हटलं की ताईंच्या अंगात यायचं. एरवी बाई शांत. आजारी माणसांच्या घरी पलंग, चाकाच्या खुर्च्या, वॉकर वापरायला द्यायचे आणि गरज संपली की परत आणायचे, हे त्यांच्या छोट्याशा संस्थेचं काम, आणि ते त्या हसतखेळत करायच्या. पण सामान सगळं फाउंडेशनच्या देणगीतलं. प्रत्येक वस्तूवर फाउंडेशनचं निळं स्टिकर. पाहणीच्या आधी ताई ती स्टिकरंसुद्धा ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या.

या वेळी तर त्यांना हवेच्या गाद्या मागायच्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, त्या या गाद्यांमुळे टळतात. कितीतरी घरं गाद्यांसाठी ताईंच्या मागे लागली होती, आणि फाउंडेशनने हात वर केले तर दुसरा देणारा कोणी नव्हता. तेव्हा मॅडमवर छाप पडलीच पाहिजे असं ताईंनी मनाशी ठरवलं, आणि त्या भरात भलतंच डोकं लढवलं. घरोघरी दिलेलं सामान त्यांनी एका दिवसापुरतं परत मागवलं. मॅडमना सगळं एका जागी, ओळीत, चकचकीत दिसावं म्हणून.

टेंपोवाले काका कुरकुरले. नुकत्याच चालायला लागलेल्या माणसाकडे वॉकर मागायला आपली जीभ रेटत नाही, असं ते म्हणाले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं म्हणून ताईंनी त्यांना पिटाळलं. आणि गंमत म्हणजे कोणीच नाही म्हटलं नाही. एका वेल्डरची बायको जिन्यावरून पडली होती, तिच्या कमरेखाली जीव नव्हता. त्याने तर तिला खाली निजवून पलंग स्वतः खोलून दिला, वर काकांना चहा पाजला. हे ऐकून ताईंना भरून आलं. किती समजूतदार माणसं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. काका टेंपोतून पलंग उतरवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड एखाद्या शोरूमला लाजवेल अशी सजली. मॅडम आल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या, एका पलंगाचं बटण दाबून तो वरखाली करून पाहिला. चेहरा काही खुलेना. ताईंनी गाद्यांचा विषय काढला तेव्हा त्या सरळच बोलल्या.

"सगळं सामान तर इथेच पडून आहे. मग गाद्या कोणासाठी द्यायच्या?"

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. आता थाप मारायची, तर सगळे आजारी एकदम बरे झाले म्हणावं लागलं असतं, आणि ते शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. शेवटी मान खाली घालून त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. मॅडम चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि पहिला पलंग कोणाचा पोचवायचा आहे, एवढंच विचारलं.

वेल्डरच्या घरी एकच खोली. बायको भिंतीशी सतरंजीवर पडली होती आणि वेल्डर कामावर गेलाच नव्हता. पलंगावर असली की बटण दाबून ती आपली आपण उठून बसायची. खाली मात्र कूस बदलायलाही तिला माणूस लागत होता. काकांनी आणि त्याने पलंग जोडला. तिला उचलून वर घेताना पाठीवरचा लालभडक चट्टा मॅडमना दिसला, ताईंनाही दिसला.

बाहेर आल्यावर मॅडमनी निकाल सांगितला. गाद्या मिळतील, पहिली याच घरात द्या, आणि पुढच्या वेळी मला शेड दाखवू नका, घरं दाखवा. ताईंचा जीव भांड्यात पडला. बातमी सांगायला त्या लगबगीने पुन्हा आत गेल्या.

वेल्डरची बायको उठून बसली होती, केस विंचरत होती. गादीचं ऐकून ती हरखली. तुमचे उपकार कसे फेडायचे, म्हणाली. मग जरा संकोचून तिने विचारलं, "ताई, पलंग परत कधी न्यायचाय? नाही, न्या तुम्ही, तुमचाच आहे. फक्त आधी कळलं तर हे सुट्टी मागून ठेवतील. आज न सांगता घरी राहिले, तर यांचे साहेब बोलले."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर ताईंना बरं वाटलं असतं. आता कधीच नेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. विश्वास बसावा म्हणून तिचा हात हातात घेऊन पुन्हा सांगितलं.

"बरं," ती म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

वेल्डरनेही मान डोलावली. "तरी पण ताई," तो अदबीने म्हणाला, "आदल्या दिवशी एक फोन करा."