अकरा नंबरच्या खोलीची फेरपरीक्षा

हरीश सोमवार ते शुक्रवार नागोयाला, कंपनीच्या कामावर. टोकियोच्या तोयोसु भागातल्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या घरात त्याची बायको जयमाला एकटी. पुण्यात तिने आठ वर्षं लॅबमध्ये काम केलं होतं. इथे नोकरीसाठी जपानीचं प्रमाणपत्र हवं, म्हणून २००६च्या जूनमध्ये तिने एका खासगी संस्थेची परीक्षा दिली.

ऐकण्याच्या पेपरला अकरा नंबरच्या खोलीतला स्पीकर खरखरू लागला. निम्मे प्रश्न कळलेच नाहीत. अडतीस जण गप्प बसले. जयमालाही. निकाल आला, नापास.

तिने संस्थेला पत्र लिहिलं. अतिशय नम्र उत्तर आलं : अशी कोणतीही नोंद आमच्याकडे नाही.

"सोड ना," हरीश फोनवर म्हणाला. "पुढच्या वेळी परत बस."

तिने सोडलं नाही. शब्दकोश उघडून चार पानं लिहिली आणि परीक्षा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला पाठवली. ऑक्टोबरात सुनावणी झाली. इशिकावा-सान या वयस्क अधिकारी बाईंनी आधी संस्थेच्या माणसांचं, मग तिचं, शांतपणे ऐकून घेतलं. मग एक कागद पुढे ठेवला. पर्यवेक्षकाने त्याच दिवशी स्पीकरची तक्रार लिहून दिली होती. संस्थेने ती दाबली होती.

"संस्था बंद करावी, असं वाटतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"नाही. बाकीच्या खोल्यांत परीक्षा नीट झाली. आमचीही व्हावी, एवढंच."

बिघाडाबद्दल थोडा आणि नोंद लपवल्याबद्दल मोठा दंड झाला. खोलीतल्या सगळ्यांना मोफत फेरपरीक्षा.

"तुला काय मिळणार?" हरीशने विचारलं.

"दंड सरकारजमा होतो. अरे, पण मी सगळं जपानीत बोलले, एकदाही न—"

"मस्त! मीटिंग आहे गं, नंतर बोलू."

नंतर तो विसरला.

फेरपरीक्षेला एकवीस जणच आले. परतताना स्टेशनवर, परीक्षेत शेजारच्या बाकावर बसलेली कोरियन बाई म्हणाली, "कुणीतरी तक्रार केली म्हणे. मला उगाच रजा टाकावी लागली."

"मीच केली."

बाई तिच्याकडे बघत राहिली. "भीती नाही वाटली?"

"वाटली ना."

तेवढ्यात बाईची गाडी आली. ती किंचित वाकली आणि चढली. नावही विचारायचं राहिलं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी निकाल आला. जयमाला पास झाली होती. शुक्रवार अजून दोन दिवसांवर होता. तिने ते पत्र स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचलं, मग पुन्हा एकदा, जरा सावकाश.