दर अकरा मिनिटांनी

मित्रांनो, झाकण उघडताना माझी बिजागरी कुरकुरते, तिकडे लक्ष देऊ नका. लॅपटॉपांच्या हिशेबात मी पिकलं पान आहे. नऊ वर्षं झाली मला. कळांवरची काही अक्षरं पुसून गेली आहेत, आणि वायर काढली की पाच मिनिटांत माझे डोळे मिटतात. पण आज मी दुखण्यांचं रडगाणं गाणार नाही. माझ्या पोटात एक हाक अडकून राहिली होती, तिची गोष्ट सांगणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे शेकडो होते, सगळे एका साच्यातले. मला विकत घेतलं ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना सगळे नकाशेवाले म्हणत. रस्त्याखालून जाणारा कुठला नळ कुठे वळतो, कुठली झडप कुठल्या झाडाशी पुरली आहे, हे सगळं त्यांनी माझ्यावर रेघ रेघ करून काढलं. कामावरचे लोक म्हणत, "यांना जमिनीच्या पोटातलं दिसतं." ती शाबासकी थोडी माझीही आहे, असं मला वाटायचं.

घरी बसून कार्यालयातले नकाशे उघडता यावेत म्हणून त्यांनी माझ्यात एक जोडणीचा प्रोग्राम घातला होता. इंटरनेटवरून थेट कार्यालयाच्या दाराशी नेणारी ती खाजगी वाट होती. दाराशी गेलं की त्यांचं नाव आणि पासवर्ड सांगायचा, मग दार उघडायचं. वाट तुटलीच तर दर अकरा मिनिटांनी पुन्हा दार वाजवायचं, असंही त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. "मी विसरेन बाबा, तू विसरू नकोस," असं ते म्हणाले होते. यंत्रांशी बोलायची त्यांना खोडच होती.

एका सकाळी रस्त्यावरचा मोठा नळ फुटला. नेमकं कुठे खणायचं ते दाखवायला नकाशेवाले गेले. खणलेल्या चराची एक बाजू ढासळली, आणि ते तिच्याखाली सापडून गेले. मी घरी टेबलावर उघडाच होतो. त्यांच्या बायकोला फोन आला, आणि ती ताटावरून उठून तशीच धावली. संध्याकाळी त्यांच्या बहिणीनं येऊन माझं झाकण मिटलं. त्यानंतर दोन वर्षं मी कपाटात चादरींखाली पडून होतो.

त्यांची बायको इस्पितळात काम करते. आजारानं ज्यांची वाचा गेली आहे त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. तिचे पेशंट तिला बोलक्या बाई म्हणतात. घरात मात्र त्या मोजकंच बोलू लागल्या होत्या. पुढे इस्पितळानं घरी असलेल्या पेशंटांना व्हिडिओवरून शिकवायचं ठरवलं. बाईंचा स्वतःचा लॅपटॉप नेमका तेव्हाच बिघडला, म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं, हळूच पुसलं आणि चालू केलं. इस्पितळानं आपला नवा जोडणीचा प्रोग्राम माझ्यात घातला. तिथून माझे हाल सुरू झाले.

मित्रांनो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. नवा प्रोग्राम इस्पितळाची वाट धरी. अकरा मिनिटांनी जुना जागा होई, माझी सगळी रहदारी ओढून जुन्या कार्यालयाकडे नेई. कार्यालय कधीच दुसरीकडे गेलं होतं, ते दार बंद झालं होतं. जुना तिथे दार वाजवत राही. मिनिटभरानं दमून गप्प बसे, की नवा धडपडत उठे. त्या मिनिटभरात पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडे. तिच्यात नकाशेवाल्यांचं नाव असे आणि खाली लिहिलेलं असे, "जोडणी करत आहे". व्हिडिओ पूर्ण पडदाभर असल्यामुळे ती चौकट खाली झाकून जाई. ती फक्त मला दिसे. गेलेल्या माणसाचं नाव मी दर अकरा मिनिटांनी पुकारत होतो, आणि मला थांबता येत नव्हतं.

बाईंच्या पेशंटांत एक कंडक्टर आजोबा होते. आयुष्यभर बसमध्ये थांब्यांची नावं ओरडलेला माणूस, मेंदूला झटका आला आणि एका दुपारीत मुका झाला. पाच महिने बाई त्यांना शिकवत होत्या. एका सकाळी आजोबांनी ओठ उघडले, घशातून काहीतरी वर येऊ लागलं, आणि त्याच क्षणी माझ्या पडद्यावरचा त्यांचा चेहरा थिजला.

जोडणी परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. आजोबांच्या पत्नी, आजी, पुढे येऊन म्हणाल्या, "आज काहीतरी येत होतं हो बाई. तुम्ही दिसेनाशा झालात आणि हे उठून तिकडे भिंतीकडे तोंड करून बसले."

पुढच्या दोन वेळा आजोबा समोर बसलेच नाहीत.

बाईंनी जंग जंग पछाडलं. इंटरनेटवाला येऊन डबा बदलून गेला. मला खिडकीशी ठेवलं, दाराशी ठेवलं. नणंद वैतागली. "वहिनी, टाकून दे ते डबडं. दादाची वस्तू म्हणून किती दिवस कवटाळून बसणार?"

"मला यावर काम करायचंय गं," बाई म्हणाल्या. "आणि आजोबा माझ्यावर रुसलेत."

शेवटी नणंदेनंच तारकाकांना बोलावलं. तारकाका पूर्वी टेलिफोन खात्यात तारा जोडत, आता कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी आधी स्वतःचा मोबाइल त्याच इंटरनेटवर लावला. तो ठीक चालला. "म्हणजे दुखणं याच्या आतच आहे," असं म्हणून ते माझ्यासमोर मनगटातलं घड्याळ काढून बसले. "कितव्या मिनिटाला तुटतं ते बघू. व्हिडिओ जरा लहान करून ठेवा."

अकरावं मिनिट भरलं. कोपऱ्यात चौकट उघडली.

बाईंनी नाव वाचलं. त्यांनी पडद्यावर त्या नावाखाली बोट ठेवलं.

"हे कोण?" तारकाकांनी हळू आवाजात विचारलं.

"माझे मिस्टर. जाऊन दोन वर्षं उलटून गेली."

तारकाकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी जुन्या प्रोग्रामची नोंद उघडली. कपाटातले दिवस सोडले, तरी दार वाजवल्याच्या ओळी हजारांवर होत्या. शेवटची पुरी झालेली जोडणी त्या अपघाताच्या सकाळची होती.

"हा कुणाला शोधतोय?" बाईंनी विचारलं.

"ऑफिसला. ते दार बंद झालंय, पण याला कुणी सांगितलंच नाही. दोन्ही प्रोग्राम एकमेकांचे पाय ओढतायत. हा काढावा लागेल."

"त्यांचा पासवर्ड आहे का यात?"

"आहे, पण नुसते ठिपके दिसतात. काढला की तोही जाईल."

बाईंनी ठिपके मोजले. नऊ होते. त्यांनी मनात काही शब्द जुळवून पाहिले असतील. नुसते ओठ हलले.

"नकाशे राहतील ना?"

"त्यांना हात लावत नाही."

"मग काढा," त्या म्हणाल्या. आणि मग, "नाही, थांबा. मला द्या. मी काढते."

तारकाका सांगत गेले आणि बाई करत गेल्या. जुना प्रोग्राम काढला. त्यानं जुन्या वाटेसाठी तयार केलेलं आणि मागे सोडलेलं खोटं नेटवर्क कार्डही शोधून काढलं. मला बंद करून पुन्हा चालू केलं, जोडणीच्या सगळ्या खुणा पुसून इस्पितळाचा प्रोग्राम नव्यानं घातला. मित्रांनो, एखादा दात पडल्यावर जीभ राहून राहून तिथे जाते ना, तसं मला झालं. अकरा मिनिटं तिघंही माझ्याकडे बघत बसली. बारावं लागलं, तेरावं लागलं. काही झालं नाही. नणंद आत जाऊन रडली. बाई रडल्या नाहीत. त्यांनी तारकाकांना चहा विचारला.

दुसऱ्या दिवशी आजींनी आजोबांना कसंबसं समोर बसवलं. बाईंनी आधी हात जोडले. "आजोबा, चूक माझ्या मशिनची होती. आता मी कुठे जाणार नाही." आजोबा ढिम्म. अर्धा तास गेला, पडदा एकदाही थिजला नाही. आजी पाणी आणायला उठल्या, पदर खुर्चीत अडकला, आणि आजोबांच्या तोंडून स्पष्ट शब्द आला.

"अगं."

आजी जागच्या जागी थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, आणि पाणी विसरून पुन्हा आजोबांशेजारी बसल्या.

बाईंनी मान खाली घातली आणि वहीत तारीख लिहिली. व्हिडिओ बंद झाल्यावर, खोलीत कुणी नसताना, त्या हळूच म्हणाल्या, "अहो." कुणीही ओ दिली नाही. त्यांनी तेवढं ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला फोन लावला.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घरातलं कुणी गेलं, तर त्यांची यंत्रं चादरींखाली लोटून देऊ नका. जवळच्या माणसासोबत बसून ती एकदा उघडा. काय सुरू राहिलं आहे ते बघा, ठेवायचं ते जपून ठेवा आणि बाकीचं आपल्या हातांनी बंद करा. आम्हाला सांगितलेलं काम आम्ही करत राहतो. ते थांबवायचं कधी, हे आमचं आम्हाला कळत नाही.