पिवळा ठिपका

"शत्रू, ब्याण्णव टक्के! उद्या हेच दाखवायचं," टीमचा प्रमुख सुमंत खूश होऊन म्हणाला. पडद्यावर डोंगररस्त्यावरचा ठिपका लालभडक झाला होता.

भाग्यलक्ष्मीने खुर्ची पुढे ओढली. रडार, ड्रोन आणि चौक्यांकडून येणारी माहिती एकत्र करून समोर कोण आहे, ते सेनाधिकाऱ्यांना सांगणारं सॉफ्टवेअर त्यांची कंपनी बनवत होती. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या ऑफिसात चाचणीचं काम तिच्याकडे होतं. तिने ठिपक्यामागचे संदेश एकेक करून उघडले.

"सुमंत, ही तीन माणसांची खबर नाही. चौकीवरच्या एकाला धुक्यात गाडी दिसली, ती शत्रूची वाटली. मुख्यालयाने तेच पुढे पाठवलं. ते ऐकून ड्रोनवाल्याने 'बहुधा शत्रू' लिहिलं. आपण एकाचंच म्हणणं तीनदा मोजतोय."

तिने सॉफ्टवेअरला ते एकदाच मोजायला लावलं. ठिपका पिवळा झाला. ओळख पटलेली नाही.

सुमंतने कपाळ चोळलं. "अगं, ब्रिगेडियर येणार आहेत. त्यांना 'माहीत नाही' म्हणून सांगायचं? डेमो झाल्यावर बदल ना, प्लीज."

"एकदा लाल बघितला की त्यावरच विश्वास बसेल त्यांचा. मग खरं कधी सांगणार?"

"सरी, ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "पण विचारलं तर उत्तर तू द्यायचंस."

दुसऱ्या दिवशी ब्रिगेडियरसाहेबांनी नेमकं त्याच ठिपक्याकडे बोट केलं. "ये कौन है?"

भाग्यलक्ष्मी उभी राहिली. "अभी कह नहीं सकते, सर. खबर एक ही आदमी की है."

"इतना तो मैं मशीन के बिना भी कह सकता हूँ."

सगळे हसले. तीही हसली, पण कानशिलं तापली होती.

पुढच्या टप्प्याचं काम कंपनीला मिळालं नाही. तिला कुणी दोष दिला नाही. फक्त तिला माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांच्या गटात हलवलं. लिफ्टमध्ये भेटला की सुमंत मोबाइलमध्ये बघत राहायचा.

अशाच एका संध्याकाळी धाकट्या भावाचा, देवाप्पाचा फोन आला. तो सैन्यात ट्रक चालवायचा. कुठे, ते तो सांगायचा नाही, आणि तीही त्याला ऑफिसातलं काही सांगायची नाही.

"अक्का, काय करालीस?"

"आत्ताच आले घरी. आवाज का बसलाय रे तुझा?"

"थंडी बाधली. काल पहाटे एका चौकीवर लई वेळ थांबवून ठेवलं. धुकं होतं न्हवं, गाडी कुणाची ते कळेना म्हणे त्यांना."

"आपल्याच लोकांना कळेना?"

"हां की. मग एकजण पायीच खाली आला, बघितलं, सोडलं."

"राग आला असेल तुला."

"राग कशाचा गं? गोळी न घालता थांबले तेच बरं की."

खालच्या रस्त्यावरून बस गेली, खिडकीची काच थरथरली.

"अक्का? ऐकालीस न्हवं?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "मफलर बांधत जा."